नसरीनचा ‘अंदाजे’

मंगळवार, परंडा. दिवेलागणीची वेळ.

आज शेवटी नसरीनचं ऐकलं. आमच्या मराठी प्रोग्रामिंग भाषेत अपूर्णांकांसाठी दोन वेगळे प्रकार केले. एक ‘नेमका’, जरा हळू चालणारा. दुसरा झटपट, पण शेवटच्या घरात चुकणारा. त्यात ०.१ आणि ०.२ मिळवले की ०.३ पेक्षा केसभर जास्तच येतं. कॉलेजात आम्ही दोघींनी ही भाषा सुरू केली तेव्हाच ती म्हणायची, “चुकणार असंल तर नावातच सांग ना तसं. ‘अंदाजे’ म्हण त्याला.” मला एकच प्रकार हवा होता. रोज भांडायचो. मग ती लग्न होऊन बेंगळुरूला गेली आणि भांडायला कुणी उरलं न्हाय.

आज ‘अंदाजे’ चालवून बघितला. चालला! पण सांगू कुणाला? आईला सांगितलं. ती म्हणाली, “मला काय कळतंय त्यातलं? नसरीनला लाव की फोन.”

किती महिन्यांनी लावला. कशी आहेस वगैरे काही न्हाय. ‘अंदाजे’ ऐकल्या ऐकल्या तिनं विचारलं, “दोन अंदाजे आकडे सारखे हायत का, असं प्रोग्राममधी विचारू देतीस?”

“देते की.”

“नको देऊ. त्यांचा भरवसा न्हाय. जवळ हायत का, एवढंच विचारू दे.”

लई बरं वाटलं. अगदी तीच, तशीच. तेवढ्यात तिकडं तिचं बाळ रडायला लागलं. “ठेवते गं,” म्हणाली.

इकडं कधी येतीस, हे विचारायचंच राहिलं.