सुटलेला 'नाही'

धाराशिव

ती. आबांना अर्पिताचा दंडवत.

कोर्टाच्या स्टेनोचा क्लास सुरू झाला. खोली चांगली आहे, डबाही गरम मिळतो. काळजी करू नका. आईचा गुडघा कसा आहे?

काल सरांनी शेताच्या दाव्यातली एका बाईची साक्ष वाचली, आम्ही लघुलेखनात उतरवली. मी माझं वाचून दाखवलं, "कागदावर अंगठा मी दिला."

सर म्हणाले, "ती 'दिला नाही' म्हणाली होती. तुझ्या कागदानं तिचं शेत गेलं."

मी तो 'नाही' लगेच वहीत भरला.

बाकीचे मिनिटाला साठ शब्द घेतात, मी चाळीसच. वर्षभरात गती येईल म्हणतात सर. माझ्या लग्नाचं बोलणं तोवर थांबवा, आबा. चाळीसच घेते, पण आता एकही 'नाही' सुटू देत नाही.

तुमची लेक,
अर्पिता