आमच्या दोघींतला फरक

३ मार्च, सोमवार

थुंकता येत नाही! अठ्ठावन्न वर्षांची बाई मी. बावीस वर्षं लोकांना मोटार चालवायला शिकवतेय, भर चौकात बसवाल्यांशी भांडलेय — आणि एवढीशी नळी थुंकीने भरता येईना. संशोधक बाई समोर बसून म्हणतात, "काकू, लिंबाचा विचार करा." केला. तोंड आणखीच कोरडं पडलं. शेजारी बहीण. तिची नळी दोन मिनिटांत काठोकाठ! ही पहिल्यापासून अशीच. शाळेतही पुरवणी आधी हिलाच लागायची.

कशासाठी हा खटाटोप, ते नीट लिहून ठेवते. आम्ही दोघी जुळ्या, एकीला झाकावं नि दुसरीला काढावं अशा. मी दहा मिनिटांनी मोठी. मला नवरा होता, नऊ वर्षांपूर्वी गेला. ती जनावरांची डॉक्टर. सव्वीस वर्षं एका शाळेतल्या गणिताच्या बाईंबरोबर राहते. राहते म्हणजे — संसार करते. वहीपासून काय लपवायचं! तर विद्यापीठातल्या लोकांना नेमक्या असल्या जोड्या हव्या असतात. आई तीच, रक्त तेच, नाकसुद्धा तेच, पण एकीचा कल इकडे, दुसरीचा तिकडे. मग हे जन्माने येतं की वाढवण्यातून, संगतीतून — याचा काही माग लागतो का ते बघायचं.

"तुमच्यासारखी जोडी दोन वर्षांत ही दुसरीच!" संशोधक बाई म्हणाल्या. माझ्या अंगावर उगीच मूठभर मांस चढलं.

एक खटकलं. तिला त्या 'डॉक्टर' म्हणतात. मला काकू! दहाच मिनिटांचा फरक आहे हो.

४ मार्च, मंगळवार

आज बोटं मोजली. तर्जनी किती, अनामिका किती, दोन्ही हातांची, दोघींची. म्हणे आईच्या पोटात असताना कुठलं संप्रेरक किती मिळालं याचा बोटांवरून थोडाफार अंदाज बांधतात. पाची बोटं सारखी नसतात म्हणतात ना? तिच्या-माझ्या हातांची मात्र तंतोतंत सारखी! संशोधक बाईंचा चेहरा पडला. परत मोजली. परत तेच.

मग कानात बारीक टकटक आवाज सोडून काहीतरी तपासलं. तेही सारखंच. मला कुठेतरी नापास झाल्यासारखं वाटलं. आपल्यात फरक हवाय म्हणून तर बोलावलंय ना!

चाळीस पानी फॉर्मही भरून दिला. अक्षर मात्र माझं चांगलं. तिचं डॉक्टरी.

६ मार्च, गुरुवार

सकाळच्या शिकाऊंना उशीर का झाला ते सांगावं लागलं. चूक केली. आता जो तो शास्त्रज्ञ!

पहिला विमा एजंट. महिना झाला, अजून हाफ क्लच जमत नाही, पण जगाचं ज्ञान सगळं. चढावर गाडी मागे घरंगळतेय आणि हा सांगतोय, "मॅडम, हे सगळं टीव्हीमुळे होतं."

म्हटलं, "सव्वीस वर्षांपूर्वी आमच्याकडे टीव्ही बंद पडलेला होता."

"मग रेडिओमुळे असेल."

माझ्या पायाशी जादा ब्रेक आहे म्हणून वाचलो. मागच्या दूधवाल्याने जे म्हटलं ते लिहीत नाही.

दुसरी पार्लरवाली. "हार्मोन, मॅडम. माणसाचं जे काय होतं ते हार्मोनने." हिच्याकडे केस गळले तरी हार्मोन आणि गिऱ्हाईक पळालं तरी हार्मोन. रिव्हर्स घेताना तिने खांब पाडला. म्हटलं, हाही हार्मोन का?

८ मार्च, शनिवार

आईची मुलाखत. त्र्याऐंशी वर्षांची आई, दादाकडे असते. संशोधक बाई टेप लावून बसल्या, दादा बाजूला पाय पसरून — जणू हाच बाळंत झाला होता.

आईचं उत्तर तयार होतं. "धाकटी पायाळू ना! उलटी आली जगात, मग सगळं उलटंच." संशोधक बाईंनी लिहून घेतलं. पुढे बाळपणाचे आजार विचारले. आई म्हणाली, "मोठीला फार त्रास. पायाळू होती ती."

"आजी, आत्ता तर धाकटी म्हणालात."

आई दोघींकडे आळीपाळीने बघत बसली. शेवटी म्हणाली, "एक होती एवढं नक्की."

मग दादा सरसावला. "मी सांगतो कारण. लहानपणी ही मुलांत खेळायची. झाडावर काय चढायची, माझी सायकल काय खोलायची! तेव्हाच आवरलं असतं तर —"

"दादा, सायकल हिने खोलली होती," बहीण माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली. "मी झाडाखाली कुत्र्याशी बोलत बसायचे. वर ही असायची."

खरं आहे ते. सायकलची चेन मी काढली होती. परत बसवलीही मीच. दादाला पन्नास वर्षांत पत्ता नाही! आणि आज बघावं तर तिच्या कानात डूल, अंगावर फुलाफुलांचा झगा. मी पँट-शर्टात, नखांत ग्रीस. पाहुण्या माणसाला विचारलं असतं की यातली कुठली, तर — जाऊ दे.

दादा ओशाळला. पण मुद्दा सोडेल तर तो दादा कसला! "मग संगत," म्हणाला. "संगत वाईट. नादाला लागली."

बहीण हसली नाही. माझ्याकडे बघितलं फक्त. 'नादाला लागली' हा शब्द दादाचा नाही. सव्वीस वर्षांपूर्वी या घरात तो पहिल्यांदा मी उच्चारला. तिने मला एकटीला विश्वासाने सांगितलं होतं, आणि मी संध्याकाळच्या आत आई, बाबा, दादा सगळ्यांना गोळा केलं. तेव्हापासून गणिताच्या बाईंना या घरी कुणी जेवायला बोलावलेलं नाही. मीही नाही.

९ मार्च, रविवार

दिवसभर आठवून पाहिलं. दोघींच्यात वेगळं असं झालं काय? गोवर दोघींना एकाच आठवड्यात. झोपाळ्यावरून दोघी पडलो, एकाच फळीवरून. शाळा एक, बाक एक, मार देणारे मास्तरही एकच. बाबांचा धाक सारखा. आईचे लाड सारखे — म्हणजे सारखेच कमी. तिला जे जे झालं ते ते मला झालं.

मग मी वेगळी कशी निघाले?

११ मार्च, मंगळवार

संशोधक बाईंना सरळ विचारलं. तुम्हीच सांगा, हे होतं कशाने?

त्या भल्या आहेत, फेकाफेक करत नाहीत. म्हणाल्या, एकच असं कारण कुणाला सापडलेलं नाही. थोडा भाग जन्माबरोबर येतो असं दिसतं, पण एखादा ठरावीक जीन बोट दाखवून सांगता येत नाही, बारीकसारीक पुष्कळ आहेत. काही पोटातलं. काही असं की अजून कळलेलंच नाही. कुणी नादाला लावलं म्हणून किंवा आईबापांनी असं-तसं वाढवलं म्हणून होतं, याला मात्र पुरावा नाही.

"म्हणजे नक्की माहीत नाही असंच ना?"

"माहीत नाही हे नक्की माहीत आहे, काकू."

वर मलाच उलट विचारतात, "तुमचा कल पुरुषांकडे कशाने झाला असावा असं वाटतं तुम्हाला?"

"मला काय व्हायचंय!" म्हटलं. "मी आपली — सरळ."

"हो, पण कारण?"

आता आली का पंचाईत! असला प्रश्न कुणी कधी विचारलाच नव्हता. घरी येईपर्यंत तोच डोक्यात. दोनदा सिग्नल चुकला — मी! शिकवणारी!

१२ मार्च, बुधवार

आज सगळ्यांना विचारत सुटले.

विमा एजंटाला म्हटलं, तुम्हाला बायकाच का हो आवडतात? तो इतका दचकला की वळण सोडून सरळ एका शाळेच्या आवारात शिरला. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

"मॅडम, असं कसं विचारता? ते... आपोआप असतं!"

"टीव्हीमुळे नाही ना?"

पार्लरवाली म्हणाली, आठवीत शेजारच्या गॅलरीत एक मुलगा दाढी करताना दिसला, पोटात गोळाच आला. म्हटलं, कारण काय? म्हणाली, कारण कसलं, गोळाच की तो!

आईला फोन केला. "आई, तू बाबांशी लग्न का केलंस?"

"मला विचारलं कुणी?" आई म्हणाली आणि फोन ठेवला.

मग स्वतःला विचारलं. दादाने स्थळ आणलं. घर बरं होतं. माणूस चांगला होता — खरंच चांगला, वहीत खोटं कशाला. रोज जेवणानंतर पत्ते खेळायचो. मी गाडी चालवताना कधी 'जपून' म्हणाला नाही. गेला तेव्हा रडले, आजही पत्त्यांचा जोड दिसला की उगीच पिसत बसते. पण पोटात गोळा?

गॅस असेल एखाद वेळी.

१४ मार्च, शुक्रवार

गणिताच्या बाईंचा फोन! मलाच. "सव्वीस वर्षांत तुम्ही आमच्याकडे चार वेळा आलात, चारही वेळा उभ्या उभ्या. सरासरी काढायची लाज वाटते. रविवारी जेवायला या. बसून."

हो म्हणून बसले.

१६ मार्च, रविवार

गेले. बसले. जेवले.

घर म्हणजे नुसता दवाखाना. टेबलाखाली तीन पायांचं कुत्रं, फ्रिजवर पट्टी बांधलेलं मांजर, न्हाणीघरात कासव. माझ्या चपलेचा पट्टा कुत्र्याने मी वाढून घेईपर्यंत खाल्ला. गणिताच्या बाई उंच, किडकिडीत, चष्मा डोक्यावर ठेवून तोच शोधणाऱ्या. बहीण न बघता हात वर करून तो त्यांच्या नाकावर आणून ठेवते. बोलणं न थांबवता! हे मी तीनदा पाहिलं. तिसऱ्या वेळेनंतर मी ताटाकडेच बघत जेवले.

नंतर बाई कासवाला फिरवायला अंगणात गेल्या (कासवाला! फिरवायला!) आणि आम्ही दोघी ओट्याशी. ती घासत होती, मी पुसत होते.

"एक विचारू?" ती म्हणाली. "त्या दिवशी सगळे ओरडले. बाबा ओरडले, दादा ओरडला. पण सगळ्यांत मोठ्याने तू. दादापेक्षाही. का गं?"

"मला काळजी वाटली तुझी."

"काळजीने माणूस एवढं ओरडत नाही. जनावर ओरडतं ना, ते घाबरलं की. माझा रोजचा धंदा आहे."

मी ताटली पुसतच राहिले. ती कोरडी होऊन बराच वेळ झाला होता.

"टायपिंगच्या क्लासात तुझ्या शेजारच्या मशीनवर बसायची ती मैत्रीण," बहीण म्हणाली. "लग्न होऊन गेली तेव्हा तू अकरा दिवस धड जेवली नाहीस. सगळ्यांना सांगितलंस, दाढ दुखतेय. तू झोपल्यावर मी बॅटरी घेऊन तुझ्या तोंडात बघितलं होतं."

"मग?"

"दाढ ठणठणीत होती."

मी म्हटलं, उशीर झाला, निघते. भर दुपारी दोन वाजता. चपलेचा एक पट्टा नाही, तशीच फरफटत गाडीपर्यंत गेले. गाडीत बसले, किल्ली लावली, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातून गाडी बंद पडली. दोनदा. फाटकात त्या दोघी उभ्या. बहिणीने हसून हात केला. "क्लच!" ओरडली मेली.

१७ मार्च, सोमवार

आज काही लिहायचं नाही.

१८ मार्च, मंगळवार

तिच्या बोटांना शाईच्या रिबिनीचा वास यायचा. पुसताना माझाच रुमाल घ्यायची. बस्स. एवढंच लिहिते.

२० मार्च, गुरुवार

पहिला शिकाऊ यायच्या आत संशोधक बाईंना फोन केला. म्हटलं, माझ्या फॉर्ममधे खोटं आहे, दुरुस्त करा. तुम्हाला हवा तो फरक आमच्यात नाही. आम्ही दोघी सारख्याच.

पलीकडून हळूच, "काकू... कारण काय असावं, असं वाटतं?"

म्हटलं, ते तुम्ही शोधा बाई, पगार तुम्हाला मिळतो.