डाव्या हातांचा तास

आदरणीय वनपिनदादा,

धाकट्या मामेबहिणीचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचं पित्त? (रात्री नूडल्सवर मिरचीचं तेल ओतणाऱ्याकडे पित्त विचारून येत नाही, एवढं त्यांना सांग.) मी जिवंत आहे, इतकंच.

या डोंगरातल्या शाळेतून माझी लान्झोउला बदली व्हावी, तिथे आजीकडे वाढणारी माझी चार वर्षांची शिनयी मला परत मिळावी, यासाठी एकच परीक्षा होती: निरीक्षकांसमोर इंग्रजीचा जाहीर तास. विषय आला 'टेक' हे क्रियापद. अरे, आपण चिनीत औषध 'खातो', बसमध्ये बसतो, फोटो काढतो, आंघोळ करतो. हे लोक सगळं 'टेक'च करतात! (इतकी श्रीमंत माणसं, आणखी एखादं क्रियापद परवडलं नसतं का?) मुलांकडून घोकून घेता घेता माझा घसा बसला. पहिल्या बाकावरची याछिन तर मलाच विचारायची, "बाई, त्यांचं त्यांना तरी कळतं का हो?"

तालीम नेहमीचीच (तूही शाळेत केली आहेस, नाही म्हणू नकोस). प्रश्न आला की सगळ्यांनी हात वर करायचा. येत असेल त्याने उजवा, नसेल त्याने डावा. मी फक्त उजव्यांना उठवायचं. तास असा रंगला की काय सांगू! तेवढ्यात निरीक्षक छियूसाहेब उठले. हा गृहस्थ पूर्वी शिक्षकच होता, हे मला कुणी सांगायला नको होतं? म्हणाले, "छान! आता जरा डाव्या हातांकडून एखादं वाक्य ऐकू या की!"

याछिनचा डावा हात अजून वरच होता. उठली, घुटमळली, आणि मी कधीच न शिकवलेलं बिनचूक वाक्य इंग्रजीत बोलली: बाई बस 'टेक' करतील आणि परत येणार नाहीत. झालं! सगळ्या वर्गाने भोकाड पसरलं. साहेबही रडले. नाक पुसत म्हणाले, "डाव्या हाताकडून असं वाक्य काढून घेणारी बाई इथून हलवायची? अहो, काहीतरीच काय!" मुख्याध्यापकांनी टाळ्या वाजवल्या आणि माझी बदली रद्द झाली. मग मीही रडले, आणि सगळ्यांना वाटलं, आनंदाने.

तुझी दुर्दैवी बहीण,
लान्झी

ता.क.: शिक्षण खात्यात तुझी ऊठबस आहे. मी अत्यंत वाईट शिकवते, असं वर कुणाला तरी पटवून दे. वसंतोत्सवाच्या जेवणात दरवर्षी साऱ्या नातेवाइकांना हेच पटवत आलास. एकदा तरी त्याचा उपयोग होऊ दे.

आणखी एक: लवकर कर. काल फोनवर शिनयी मला 'मावशी' म्हणाली. आजीने दटावलं, तर म्हणते, "बरं, चुकलं हं, मावशी!"