सकाळची वाटी

तंजावूर, ३ जुलै २०२४

चि. सौ. अखिला हिस अक्काचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर तू मला मध्येच गप्प करतेस. पत्रात तुला ते जमत नाही, म्हणून लिहिते.

आपल्या हर्षाचं दुखणं तुला ठाऊकच आहे. शरीर स्वतःच्याच रक्तवाहिन्यांवर उलटलंय, त्या सुजतात आणि रक्त गोठतं. मार्चमध्ये डाव्या पायात गुठळी झाली, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. पण आता तो आपला भाऊ कुठे राहिलाय, बायकोचा, त्या नंदिताचा पेशंट झालाय. गोळ्यांचा डबा तिचा, रिपोर्टांची फाइल तिची, डॉक्टरांशी बोलणार तीच. मी काही विचारलं की सीआरपी, डी-डायमर अशी तपासण्यांची नावं तोंडावर फेकते. आई गेल्यावर त्याला भरवून मोठं केलं ते मी. हिला तो आयता मिळाला.

तिने फ्रिजवर कागद चिकटवलाय, पालेभाजी आठवड्यातून इतकीच म्हणून. माझ्या हातचं बंद करायचा डाव आहे, मला कळत नाही का! पण ऑफिसला जाताना तो राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीतूनच जातो. गेला महिनाभर रोज माझ्या दारात स्कूटर थांबवतो. मी मुरुंगाकीरै, म्हणजे आपला शेवग्याचा पाला, नारळ घालून परतून ठेवते आणि तो उभ्या उभ्या वाटीभर खातो. रक्ताला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही.

आणि गंमत ऐक. काल डॉक्टरांनी नंदितालाच झापलं. सूज उतरलीय, सीआरपी छान आहे, मग रक्त किती पातळ आहे त्याचा आकडा, तो आयएनआर, दोनच्या वर हवा तो १.४ वर कसा आला, गोळ्या चुकवता का, असं विचारलं म्हणे. तिचा चेहरा एवढासा झाला होता. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

मुलांना आशीर्वाद. या अक्कावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
वरलक्ष्मी

पुणे, १० जुलै २०२४

ती. अक्कास अखिलाचा सा. न. वि. वि.

पत्र मिळाल्या मिळाल्या फोन केला. पाला बंद कर एवढंच म्हणाले, तर हे नंदिताने शिकवलंय का असं विचारून तू फोन ठेवलास. म्हणून कुरिअरने लिहिते. आता तुलाही मला मध्ये तोडता येणार नाही.

चौदा वर्षं मी लॅबमध्ये रक्त तपासते, एवढं तरी माझं ऐक. रक्त गोठायला के जीवनसत्त्व लागतं आणि हर्षाची गोळी त्यालाच अडवते. शेवग्याच्या पाल्यात तेच ठासून भरलेलं असतं. रोजची वाटी म्हणजे गोळी घेतली काय, न घेतली काय. आयएनआर इतका उतरल्यावर पायात पुन्हा गुठळी होऊ शकते, आणि ती फुप्फुसात गेली तर आपला भाऊ हातचा जाईल. तो कागद तुझ्याविरुद्ध नव्हता गं.

हर्षालाही फोन केला. तो म्हणतो, अक्काकडे मी काहीच खात नाही. तुझ्यासाठी खोटं बोलतोय तो. मी नंदिताला सांगितलं तर ती नवऱ्याचाच शब्द धरेल. सांगायला तूच हवीस, आणि आजच. मत्सर मलाही वाटतो, अक्का. तुम्ही तिघं एका गावात राहून भांडता, मला भांडायलासुद्धा कोणी बोलवत नाही.

रागाव, पण मला टाकू नकोस.

तुझी,
अखिला

तंजावूर, २१ जुलै २०२४

चि. सौ. अखिला हिस आशीर्वाद, वि. वि.

तुझं पत्र वाचत होते तेवढ्यात नंदिताचा फोन आला. हर्षाचा पाय मांडीपर्यंत सुजला होता. ऑटो करून दवाखान्यात धावले. डी-डायमर कितीतरी पट वाढला होता, नवी गुठळी झाली होती. गोळी लागूच पडत नाही असं समजून डॉक्टर ती बदलायला निघाले होते. मी तिथेच, सगळ्यांच्या देखत, वाटीचं सांगून टाकलं.

नंदिता ओरडेल असं वाटलं होतं. ती बाकावर बसून रडायला लागली. दहा दिवस ती गोळ्या पुन्हा पुन्हा मोजत होती म्हणे, आपलंच डोकं ठिकाणावर नाही असं तिला वाटायला लागलं होतं.

आठ दिवस पोटात रक्त पातळ करायची इंजेक्शनं दिली. गुठळी वर सरकली नाही, देवाची कृपा. काल घरी आणला, आयएनआर २.३ आहे. आता गोळीही नंदिता देते, नाश्ताही तीच देते आणि मी खुर्चीत बसून बघते. जळते, खोटं कशाला सांगू.

एक मात्र कुणाला सांगितलेलं नाही. तो कागद तू वाचला नव्हतास का, असं मी हर्षाला विचारलं. पाठ होता म्हणाला, पण मी दारात वाटी घेऊन उभी असायचे, त्याला नको म्हणवायचं नाही. मरता मरता वाचला गं तो, आणि ते ऐकून माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? बायकोचं मन मोडलं, माझं नाही मोडलं. आनंद झाला मला, अखिला. मग नंदिता माझ्यासाठी कॉफी घेऊन आली, तर मला मान वर करता येईना.

हे वाचूनही मला अक्काच म्हण.

तुझी,
वरलक्ष्मी