रांग न लावण्याचे पैसे

बाबा,

शनिवारी चार तिकिटं आली. टपालाने नाही, सुनेच्या मोबाईलवर. तीन पूर्ण, बाराशे रुपयांचं एकेक, आणि एक साठीच्या पुढच्या माणसाचं आठशेचं, म्हणजे माझं. खाली एक पिवळी चौकट होती. माणशी आणखी नऊशे भरले तर प्रत्येक पाळण्याला वेगळ्या दाराने सोडतील, रांग लावावी लागणार नाही, असं त्यात लिहिलेलं. सुनेने बोट चौकटीवर धरून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "रांग न लावायचे पैसे? रांग तर फुकट असते." ती हसली आणि चौकट तशीच सोडून तिने मोबाईल पर्समध्ये टाकला.

हे काय आहे ते तुला आधी सांगायला हवं. घाटाच्या पायथ्याशी भिंत घालून एक जत्रा बांधून ठेवली आहे, वर्षभर चालते, फक्त तिला देव नाही. तुझा नातू, ज्याला तू पाहिलं नाहीस, बंदरावर ट्रेलर चालवतो. महिन्यातून दोन दिवस घरी असतो, त्यातला एक झोपेत जातो. त्याच्या मुलीला अकरावं लागलं. तीन वर्षं तो तिला नेतो नेतो म्हणत होता. या रविवारी जमलं, तेही पाचपर्यंतच, कारण त्यानंतर त्याला गाडी भरायला परत निघायचं होतं. पोरीचं मागणं एकच होतं, सगळ्यात उंच पाळण्यात बापाच्या शेजारी बसायचं. दुसरं काही नाही मिळालं तरी चालेल म्हणाली. घराचे पैसे माझ्याकडे असतात, त्यामुळे हो की नाही तेही माझ्याकडेच. दारात त्या नऊशेच्या पासची खिडकी होती. मुलगा म्हणाला, "आई, तू बोल. तू बोलशील ते." सून म्हणाली, "चार कशाला, दोनच घेऊ, बापलेकीचे." मी नाही म्हटलं. रांग आहे म्हणजे पाळी येणार, असं म्हटलं, आणि म्हणताना माझ्याच तोंडून तुझा आवाज आल्यासारखं वाटलं.

मी नऊ वर्षांची आहे. तू शेठच्या रेशन दुकानात रॉकेल मापतोस. पिंप येणार कळलं की गावाची रीत अशी, की डब्यात दगड घालायचा, वाऱ्याने लवंडू नये म्हणून, तो रांगेत ठेवायचा आणि आपण चिंचेखाली बसायचं. डबे पुढे सरकवायला कुणीतरी असतंच. माझा डबा पिंपापुढे येतो, मी सावलीतून धावत येते, आणि तू तो पायाने बाजूला सारतोस. "रांगेन माणूस उभा ऱ्हातो, डबा नाय. जा मागं." मी मागे जाते. माझी पाळी येईस्तोवर पिंप आडवं करून शेवटचं माप निघालेलं असतं. त्या दिवशी आईने ओल्या लाकडांवर भाकऱ्या केल्या. डोळे पुशीत ती तुला म्हणाली, "सगल्या गावाला रॉकेल वाटतंस, नि आपल्या घरान धूर?" तू भाकरी मोडलीस आणि जेवलास. मला ते बरोबर वाटलं होतं. राग आला होता, पण बरोबर वाटलं होतं. पुढे मॅट्रिकच्या फॉर्मला, बाळंतपणाच्या दवाखान्यात, कुठेही मी पुढे घुसले नाही. देवस्थानात पावती फाडली की लवकर दर्शन होतं, तिथेही सात तास उपाशी उभी राहिले आणि मागच्या रांगेतूनच पायापर्यंत गेले.

तर आम्ही उंच पाळण्याच्या रांगेत. लोखंडी कठड्यांमधून नागमोडी फिरवतात, माणूस पुढे चालतो आणि परत तिथेच येतो. उभी असले की मी जप करते, अकरा माळा झाल्या तरी पाळणा तेवढाच लांब होता. पलीकडच्या दाराने पासवाले हसत जात होते. मुलगा दोन रात्री गाडी चालवून आलेला. आधी कठड्याला टेकून झोपला, मग बाहेर भिंतीशी जाऊन बसला आणि बसल्याबसल्या आडवा झाला. आम्ही तिघी सरकत राहिलो. मागे एक माणूस होता, दोन मुलं घेऊन आलेला. तो म्हणाला, "मावशी, त्या दादाची जागा धरलीय काय तुम्ही? तो मस्त झोपलाय तिकडं."

नात म्हणाली, "माझे पप्पा दोन रात्री जागे आहेत. ट्रेलर चालवतात."

"आणि मी काय विमान चालवतो? रिक्षाच चालवतो, बाळा."

लोक हसले. तो माणूस वाईट नव्हता, आणि म्हणत होता ते बरोबर होतं. मी मुलाला उठवायला वळले. तो तोंड उघडं टाकून झोपला होता, आणि तेव्हा मला तो दुसरा डबा दिसला. माझ्या डब्याच्या पुढचा, शेजारच्या विधवा काकूचा. ती मिठागरावर गेलेली, रांगेत नव्हतीच. तू त्यातला दगड काढून शेजारी ठेवलास, डबा भरलास, झाकण लावलंस आणि मग माझ्या डब्याला पाय लावलास. हे मी पाहिलं होतं, बाबा. इतकी वर्षं मी ही गोष्ट मुलाला, नातीला सांगत आले, आणि प्रत्येक वेळी तो डबा गाळून सांगितला.

मी रांगेतून बाहेर आले आणि पासच्या खिडकीशी गेले. तिथेही रांग होती. वीस मिनिटं. मुलगा जागा होऊन डोळे चोळत आला आणि हसायलाच लागला, "आई, रांग न लावायला रांग!" दोन पास घेतले, अठराशे रुपये. त्या दोघांना सोडताना दारावरच्या पोऱ्याने साध्या रांगेला साखळी लावली, ती नेमकी रिक्षावाल्याच्या पोटाशी आली. "घेतलाच ना शेवटी, मावशी!" तो म्हणाला. मी चपलेत खडा गेल्यासारखं खाली पाहिलं. वर ती दोघं कुठली ते ओळखता येईना, सगळी सारखीच ओरडत होती. खाली आली तेव्हा पोरीचे केस तोंडात गेलेले आणि मुलगा पहिल्यांदा पुरता जागा. "आजी, पप्पा माझ्याहून जास्त ओरडले," ती म्हणाली. त्या अठराशेंबद्दल मला काही वाटत नाही. ते मी वहीत लिहिले आणि बेरीज केली.

लिहायला बसले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. पावणेपाच झाले होते. निघताना पाण्यातली होडी लागली, वरून खाली घसरणारी, तीत चौघं बसतात. पास दोनच. मी म्हटलं, तुम्ही दोघं जा. पोर म्हणाली, "आजी नाय तर मी पण नाय." आणि उभीच राहिली, बापाचा हात सोडून. खास दाराशी पाटी होती, चालायला त्रास असेल त्याला आणि सोबतच्या एकाला आत घेऊ म्हणून. दारावरच्या मुलीने मला विचारलं, "आजी, पायाला त्रास आहे का?"

माझे पाय ठणठणीत आहेत. आजही विहिरीवरून दोन हंडे आणते. मी लंगडले. चार पावलं. लंगडणं कुणाकडून शिकावं लागलं नाही, घरी तुझ्या जावयाचा दुखरा गुडघा रोज पाहते. त्या मुलीने स्वतः माझा हात धरून होडीत बसवलं, "सावकाश हं, आजी," म्हणाली, आणि सून सोबतीण म्हणून मागून आली, माझ्याकडे न बघता. होडी पाण्यात आपटली तेव्हा माझ्या तोंडात देवाचं नाव नव्हतं. मी हसत होते, कितीतरी वर्षांनी एवढी.

सोमवारी देवापुढे दिवा लावून सगळं सांगितलं. तो ऐकून घेतो. तू बोलायचास. हा कागद पोस्टात जायचा नाही, पाकिटावर पत्ता कुठला घालू? तरी विचारते. त्या दारावर तू असतास आणि मी तशी चालत आले असते, तर तुला कळलंच असतं. मग तू मला मागे धाडलं असतंस, की पाय बघून न बघितल्यासारखं करून आत सोडलं असतंस? जे असेल ते उलट टपाली कळव.