एकतीस युनिटं गेली कुठे?

प्रिय भावजी,

अनेक आशीर्वाद. तुमची तब्येत ठणठणीत असेल, जाऊबाईंचा खोकला गेला असेल आणि मुलं दिवसभर तुमच्या डोक्यावर मिरे वाटत असतील असं धरून चालते. इकडे आम्ही दोघंही खुशाल आहोत. म्हणजे तुमचे दादा खुशाल आहेत आणि मी त्यांच्यासोबत राहते. पत्र लिहायचं कारण, हे सगळं फोनवर बोलता येत नाही. फोन चार्जिंगला लावला की हे खुर्ची ओढून प्लगशेजारी बसतात आणि आकड्याकडे टक लावून बघतात, आणि आकड्याकडे बघताना यांचे कान फार तिखट होतात.

तर आधी तुमचे आभार. दादा निवृत्त झाले तेव्हा कुणी छत्री दिली, कुणी पेन दिलं, ऑफिसने घड्याळ दिलं. (चौतीस वर्षं दुकानोदुकानी फिरून ज्या माणसाने वजनकाटे तपासले, त्याला पाच मिनिटं मागे पडणारं घड्याळ द्यायला छाती लागते.) पण घराची घडी विस्कटून टाकणारी भेट सुचली ती एकट्या तुम्हाला. भिंतीतल्या प्लगात यंत्र बसवायचं, यंत्रात आपली वस्तू लावायची, की ती किती वीज खाते ते पडद्यावर दिसतं. किती सोपं, किती उपयोगी! माकडाच्या हाती कोलीत असं लिहिणार होते, पण ते तुमचे थोरले बंधू आणि माझे यजमान, तेव्हा लिहीत नाही.

पहिली धाड फ्रिजवर पडली. यंत्र लावलं, शेजारी स्टूल ठेवलं, वही उघडली. दुपारपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग यांच्या मनात आलं की दार बंद केल्यावर आतला दिवा खरंच विझतो कशावरून? तेव्हा विझला का ते बघायला हे दर दहा मिनिटांनी दार उघडू लागले. दिवा लागलेलाच! (दार उघडलं की तो लागतो हे मी दोनदा सांगितलं. वहीत माझ्या म्हणण्याची नोंद 'तक्रारदाराचा दावा' अशी आहे.) संध्याकाळी दूध नासलं, फ्रिजने दुप्पट वीज खाल्ली आणि त्याच्या दारावर चिठ्ठी चिकटली, 'तपासले. वर्तन संशयास्पद.' खाली सही आणि तारीख. मिक्सर मात्र उत्तम गुणांनी पास झाला, कारण भांडं खराब होऊ नये म्हणून तो रिकामाच फिरवला होता.

गीझर प्लगातून निघत नाही, म्हणून त्याची चौकशी तळमजल्यावरच्या मीटरवर झाली. घरातलं बाकी सगळं बंद करायचं, यांनी खाली मीटरसमोर उभं राहायचं, मी वरून गीझर चालू करायचा आणि जिन्यातून ओरडून कळवायचं. चार दिवस मी आंघोळीला कधी जाते, किती वेळ लावते आणि डोक्यावरून घेते की नाही याची बातमी तीन मजल्यांना मिळत होती. पाचव्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या काकूंनी मला विचारलं, "आज उशीर झाला का हो?"

इथवर मी हसत होते. मग इस्त्रीची पाळी आली. तुम्हाला ठाऊकच आहे, मी घरी कपडे शिवते, आणि सध्या एका हॉटेलच्या वाढप्यांचे बत्तीस कोट माझ्याकडे आहेत. शिलाई मशीन बिचारं पंख्याएवढंच खातं, ते सुटलं. पण इस्त्री लावल्यावर आकडा असा उडाला की हेही स्टुलावरून उडाले. लगेच नियम निघाला: इस्त्री रोज अर्धाच तास, सकाळी साडेदहा ते अकरा. तोही लेखी, सहीनिशी, माझ्याच कपाटावर चिकटवलेला. आता कोटाची प्रत्येक शिवण जागच्या जागी दाबली नाही, तर घालणारा माणूस पोत्यात उभा केल्यासारखा दिसतो. अर्ध्या तासात एका कोटाच्या बाह्यासुद्धा धड होत नाहीत. कोट महिनाअखेरीस द्यायचे आहेत आणि हे काम हातचं गेलं तर त्या हॉटेलची पायरी मला पुन्हा चढता येणार नाही. हे मी यांना सांगितलं. यांनी मला तक्ता दाखवला.

पण नियतीला दया आली म्हणा की आणखी काही, यांची बेरीजच जुळेना. सगळ्या चिठ्ठ्यांवरचे आकडे एकत्र केले, खालच्या मीटरशी ताडून पाहिले, तर महिन्याला एकतीस युनिटं कमी. घरातली कुठलीच वस्तू ती खात नाही आणि मीटर मात्र म्हणतो की खाल्ली. तेव्हापासून यांच्या तोंडी दुसरा विषय नाही. वायरमन आला, सगळे बोर्ड उघडून बघितले, वायरिंग ठीक आहे म्हणाला आणि जाताना मला हळूच विचारून गेला, "साहेबांना जेवण वगैरे जातंय ना?" आता हे म्हणतात की वीज भिंतीत मुरते. गवंड्याला बोलावून भिंत फोडणार आहेत. शिवाय रविवारी तुम्ही येताय ते तुमच्या कारखान्यातलं मोठं यंत्र घेऊन, वायरीला चिमटा लावला की कुठल्या वेळी किती वीज गेली ते सांगणारं, असंही कळलं. कान धन्य झाले.

खरं सांगू का भावजी, मला यांचा जेवढा राग येतो तेवढंच वाईटही वाटतं. आठ वाजता पिशवी घेऊन निघायचे, बाजारात शिरले की दुकानदार उठून उभे राहायचे. आता यांच्यासमोर थरथरतो तो एकटा फ्रिज. त्या एकतीस युनिटांमुळे माणूस सकाळी दाढी करून टेबलाशी बसतो, हेही मी बघते.

जाऊबाईंना नमस्कार, मुलांना गोड पापा. रविवारी जेवायलाच या.

तुमची वहिनी

ता. क. : ती एकतीस युनिटं माझ्याकडे आहेत. हे संध्याकाळी पाचला फिरायला जातात ते साडेसहाला येतात, तेवढ्यात मी चोरून इस्त्री करून घेते आणि गरम इस्त्री न्हाणीघराच्या खिडकीत ठेवते. सव्वीस कोट झाले, सहा राहिले.

ता. क. दुसरं : तेव्हा ते मोठं यंत्र आणू नका. बिघडलंय म्हणा, कुणी नेलंय म्हणा, काहीही म्हणा. माझी चोरी उघडी पडेल याची मला भीती आहेच, पण हिशेब जुळला तर सोमवारी सकाळी हे उठतील कशासाठी, याची जास्त आहे. भिंतीचं मी बघून घेईन.

धाकट्या, यापुढचं अक्षर माझं, तुझ्या दादाचं. वहिनीने पाकीट टपालात टाकायला दिलं. तिकीट किती लागेल म्हणून वजन करायला घेतलं तर ते नीट चिकटलेलंच नव्हतं. इस्त्रीचं मला पहिल्याच आठवड्यात कळलं. गीझर सोडला तर दीड तासात एवढी वीज खाणारी दुसरी वस्तू घरात नाही, आणि फिरून आल्यावर न्हाणीघराच्या खिडकीला हात लावला की चटका बसतो. पण नियम मी लेखी काढलाय. चौतीस वर्षांत दिलेला शेरा मी कधी मागे घेतला नाही, तो घ्यायचा कसा हेच मला माहीत नाही. म्हणून तिला निवांत इस्त्री करता यावी यासाठी रोज दीड तास बाहेर काढतो. पंधरा दिवस झाले, गुडघा सुजलाय. चप्पल शिवणाऱ्याच्या बाकावर बसून राहतो, पण आता तोही विचारतो, घरी काही झालंय का. गवंडी वगैरे कुणी येणार नाही, मी सांगितलेलंच नाही कुणाला. तू यंत्र आण. कशालाही लाव, आणि तिच्यादेखत मोठ्याने सांग की दादा, इस्त्रीचा आकडा तुझा साफ चुकला. मी थोडा वाद घालीन. ऐकू नकोस.