रुजलं की तोडायचं

कोर्टाला वाचता यावं आणि माझ्या नणंदेला ऐकणं चुकवता येऊ नये, म्हणून हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. मी स्टेला, लिनो मिरांडा यांची विधवा, वय सेहेचाळीस, राहणार चेंदणी, ठाणे. पोटातली गाठ वाढते आहे. डोकं साफ आहे.

एक. राहतं घर व मागची वाडी नवऱ्याने मरताना माझ्या नावे केली. ती मी नणंदेची मुलगी आयरीन हिला देते. अट चौथ्या कलमात आहे.

दोन. वाडीत स्ट्रॉबेरी आहे. मडमेची आया म्हणून महाबळेश्वरी गेले होते, तेव्हा सहा रोपं ओल्या गोणपाटात बांधून आणली. ठाण्यात जगणार नाहीत असं सगळे म्हणाले. आयरीनने रीत पाळावी. पाऊस लागण्याआधी रोपं कुंड्यांत काढून पडवीत ठेवायची, दसऱ्यानंतर उंच वाफ्यावर लावायची. मधली टाळू, जिथून पानं फुटतात ती, मातीखाली जाऊ द्यायची नाही, कुजते. फळाखाली भाताचा पेंढा, वर बुलबुलांनी चोच मारू नये म्हणून जुनं जाळं. झाड लांब दोरे सोडतं, दोऱ्याच्या टोकाला पोर धरते. ती रुजली की दोरा तोडायचा.

तीन. मला मूल झालं नाही. नणंद मर्सी एकदा वाफ्याशी उभी राहून म्हणाली होती, "वहिनी, तुझ्या झाडांना तरी पोरं होतात." त्याच वर्षी तिने दोन वर्षांची आयरीन माझ्याकडे आणून टाकली, कारण ती सारखी आजारी असे आणि घरात आणखी चार होती. नऊ वर्षं मी तिला वाढवलं. मुलगी धडधाकट झाली, भात रांधू लागली, तशी मर्सी कल्याणहून न्यायला आली. मी पाया पडले. ती हसली.

"तूच ना सांगायचीस, रुजलं की तोडायचं? रुजली. तोडते."

सबब मर्सीला मी सर्वांत जुनी चार झाडं देते. त्यांना आता फळ येत नाही, पोरंही होत नाहीत. सांभाळताना तिला माझी आठवण येईल. झाडं मृगाच्या आदल्या दिवशी तिच्या अंगणात लावून द्यावीत. ती कशी जगवायची हे तिला कोणी सांगू नये. दुसरं कलम वाचताना तिला बाहेर बसवावं. हे कलम मात्र तिच्यासमोर दोनदा वाचावं.

चार. आयरीनने या घरात आईवाचून राहावं. मर्सीने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं, लग्नात, बाळंतपणात किंवा मयतालाही, तर त्या दिवसापासून घर शेजारच्या भिवाचं. भिवाला हे घर केव्हापासून हवं आहे, तेव्हा तो डोळे मिटून घेणार नाही. म्हणूनच त्याची साक्ष घेतलेली नाही. मर्सीला आता दिसत नाही, आयरीनवाचून तिची चूल पेटत नाही. हे जाणून ही अट घातली आहे.

पाच. दोरे तोडायची लहान सुरी आयरीनला. सात वर्षांची असताना तिने विचारलं होतं, "मामी, तोडल्यावर आईला दुखतं का गं?" मी नाही म्हणाले होते. ते खोटं होतं, या कागदाने दुरुस्त करते. दुखतं.

तरी तोडावं.

तिसऱ्या कलमात एके ठिकाणी शाई पसरली आहे. ती माझ्याकडूनच, त्यावरून वाद करू नये.

सही: स्टेला मिरांडा

साक्षीदार:
अल्फान्सो परेरा, देवळाची घंटा वाजवणारा, सही दस्तुरखुद्द
काळुराम, मिठागरावरचा मुकादम, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

मुक्काम ठाणे, तारीख २१ मे १८८७